कंपासपेटीतले दोन गुण्ये

वर्ष संपत आलं की एखाद्या मुलाची कंपासपेटी उघडून पाहा. पट्टीच्या कडेचे आकडे पुसट झालेले असतात, कंपासाचा स्क्रू ढिला झालेला असतो, बाकावर नावं कोरून करकटकाचं टोक बोथट झालेलं असतं. दोन गुण्ये मात्र दुकानातून आले तसेच कोरे. मला याचं वाईट वाटतं. कारण ज्या चित्रावरून सुतार, फिटर किंवा टर्नर वस्तू घडवतो, त्या तांत्रिक चित्रातलं निम्मं काम हे दोन त्रिकोणच करतात.

ते दोन वेगळे का असतात? चौरस कर्णावर कापला की ४५, ४५, ९० अंशांचा गुण्या मिळतो. समभुज त्रिकोण मधोमध कापला की ३०, ६०, ९० अंशांचा. आता दोघांना शेजारी ठेवा. ४५ आणि ३० मिळून ७५, पंचेचाळिसातून तीस वजा केले की १५. म्हणजे कोनमापकाला हातही न लावता १५च्या पाढ्यातला कुठलाही कोन काढता येतो, आणि तो कोनमापकाच्या कोनापेक्षा बहुधा अचूक येतो. कोनमापकावर आपण डोळ्यांनी एक खूण शोधतो, डोकं जरा कलतं झालं की खूणही सरकल्यासारखी दिसते. गुण्याची कड मात्र आहे तिथेच असते.

अर्थात गुण्या स्वतः बरोबर हवा. त्याची परीक्षा सोपी आहे. कागदावर पट्टी घट्ट धरा, गुण्याची काटकोनाची एक बाजू पट्टीला टेकवा आणि उभ्या कडेने रेषा ओढा. आता गुण्या पुस्तकाच्या पानासारखा उलटा आणि त्याच बिंदूतून पुन्हा रेषा ओढा. दोन्ही रेषा एकावर एक आल्या तर कोन खरा ९० अंशांचा. फाकल्या तर त्यांच्यामधला कोन गुण्याच्या चुकीच्या दुप्पट असतो, म्हणून बारीक चूकही नजरेस पडते. सुताराचा लोखंडी गुण्याही असाच तपासता येतो.

पण गुण्याची खरी करामत सरकण्यात आहे. एक गुण्या डाव्या हाताने कागदावर दाबून धरायचा आणि दुसरा त्याच्या कडेला चिकटवून सरकवायचा. सरकणाऱ्या गुण्याच्या कडेने ओढलेल्या सगळ्या रेषा एकमेकींना समांतर येतात, कारण तो जागा बदलतो, दिशा बदलत नाही. सुरुवातीला खालचा गुण्या हलतो, रेषा बिघडते. चार दिवस रोज दहा रेषा ओढा, बोटांना दाब कळायला लागतो.

या सरकण्याचं बळ पाहायचं असेल तर १० सेंटीमीटर रेषेचे सात समान भाग करून पाहा. भागाकार केला तर १.४२८५… असा न संपणारा आकडा येतो. पट्टीवर १.४ घेऊन सात वेळा मोजलं तर शेवटी २ मिलिमीटर उरतात. त्याऐवजी रेषेच्या एका टोकातून दुसरी तिरपी रेषा काढा आणि तिच्यावर करकटकाने सात सारखी पावलं टाका, पाऊल कितीही मोठं चालेल. सातवी खूण मूळ रेषेच्या दुसऱ्या टोकाशी जोडा. आता गुण्या त्या जोडरेषेला लावून सरकवत न्या आणि बाकीच्या सहा खुणांतून समांतर रेषा ओढा. मूळ रेषेचे सात समान भाग होतात, एकही आकडा न वाचता. दहावीत प्रमाणाचं मूलभूत प्रमेय शिकाल तेव्हा यामागचं कारण कळेल.

पेन्सिलीबद्दल थोडं. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट आणि माती असते. फ्रान्समधल्या निकोला-जाक काँते यांनी १७९५ मध्ये या मिश्रणाच्या कांड्या भाजून पेन्सिल करण्याचं पेटंट घेतलं. माती जास्त तर कांडी कठीण आणि रेषा फिकट. म्हणून आधाराच्या रेषा कठीण २एच पेन्सिलीने हलक्या ओढतात आणि वस्तूच्या कडा त्याहून मऊ एचबीने ठळक करतात. लांब रेषा ओढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत न्या, टोक सगळ्या बाजूंनी सारखं झिजतं आणि रेषेची जाडी टिकते.

आता वस्तूकडे. एका बाजूने पाहून वस्तू पूर्ण कळत नाही, ही अडचण फ्रेंच गणिती गास्पार मोंज यांनी अठराव्या शतकात किल्ल्यांचे आराखडे करताना पद्धतशीर सोडवली. पुढून आणि वरून दिसणारी रूपं एकमेकांशी नेमकी जुळवून मांडायची. ही पद्धत इतकी कामाची होती की फ्रेंच लष्कराने ती बरीच वर्षं गुप्त ठेवली. आज त्यात बाजूचं रूपही जोडतात. भारतात वरून दिसणारं रूप पुढच्या रूपाच्या खाली काढतात, अमेरिकेत ते वर काढतात. कुठली रीत वापरली हे चित्रावर सांगितलं नाही, तर कारागीर भाग उलटा बनवू शकतो.

घरात सायकलचा एखादा सहा कोनी नट असेल तर तो भोक वर येईल असा टेबलावर आडवा ठेवा. त्याची एक सपाट बाजू बरोबर तुमच्या समोर येऊ द्या. तीन बाजू दिसतील, मधली पूर्ण रुंदीची आणि कडेच्या दोन तिच्या निम्म्या. आता नट न हलवता टेबलाच्या उजवीकडे जाऊन बघा. दोनच बाजू दिसतात, अगदी सारख्या. वरून बघितलं तर षट्कोन. हा षट्कोनच आधी काढा, ६० अंशांच्या गुण्याने. मग त्याच्या कोपऱ्यांतून गुण्या सरकवत उभ्या रेषा वर न्या. पुढच्या रूपातल्या कडा कुठे येतात ते त्या रेषाच सांगतात, पट्टी उचलावी लागत नाही.