उसनं सोनं आणि गुजरीचा भाव

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोन्याचा भाव चढला की उत्तर ठरलेलं: लग्नसराई आहे. त्यात गुरुपुष्य आला तर विचारूच नका. पण चंद्र पुष्य नक्षत्रात गेला म्हणून लंडनचा भाव हलत नाही, आणि आपल्या गुजरीचा भाव निघतो तो लंडनचा भाव, डॉलरचा दर आणि आयात शुल्क यांतूनच. लंडनचा भाव हलवणाऱ्या गोष्टींत एक फारशी कुणाला माहीत नसते: उसनवारी.

मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत पडून असलेलं सोनं व्याज देत नाही. म्हणून १९९०च्या दशकात अनेक देशांच्या बँकांनी ते बुलियन बँकांना, म्हणजे सोन्याचा घाऊक व्यवहार करणाऱ्या बँकांना, उसनं दिलं, समजा १ टक्का व्याजाने. शेजारणीकडून लग्नापुरता साज आणला तर तोच साज परत द्यावा लागतो. इथे तेवढ्या वजनाचं, तेवढ्याच कसाचं सोनं दिलं की झालं. त्यामुळे घेणारा ते लगेच विकतो आणि आलेले डॉलर ५ टक्क्यांच्या अमेरिकी रोख्यांत टाकतो. मधले ४ टक्के त्याचे. परतफेडीच्या वेळी सोनं महागलं तर? म्हणून तो खाणवाल्याशी आजच सौदा करतो: पुढच्या वर्षी निघेल ते सोनं ठरल्या भावाने मला. म्हणजे अजून जमिनीत असलेलं सोनं आजच बाजारात विकलं गेलं! भाव दबणारच. शिवाय बँकेच्या ताळेबंदात 'सोने व सोन्याचे येणे' एकाच ओळीत. वहीत वीट शाबूत, आणि तिच्या पाटल्या कुणाच्या तरी हातात.

७ मे १९९९ला ब्रिटनने सोनं विकणार असल्याचं जाहीर केलं. पुढे १७ लिलावांत सुमारे ३९५ टन विकलं, पण भाव पहिल्या लिलावाआधीच घसरला होता. २६ सप्टेंबरला १५ युरोपीय मध्यवर्ती बँकांनी उघडपणे सांगितलं: वर्षाला साधारण ४०० टनांवर विक्री नाही, उसनवारीही वाढवणार नाही. उसनं घेणारे परतफेडीसाठी एकदम खरेदीला धावले, औंसाला २७० डॉलरच्या आतला भाव दोन आठवड्यांत ३२० च्या पुढे. घानाची अशांती गोल्डफिल्ड्स ही खाण कंपनी तर भाव वाढल्यामुळेच संकटात आली, कारण ठरल्या भावाने सोनं विकण्याचे तिचे वायदे उलटले.

२०१० पासून मध्यवर्ती बँका एकूण हिशेबात विकण्यापेक्षा घेतातच जास्त. २०२२मध्ये हजार टनांहून अधिक. आपल्या रिझर्व्ह बँकेने २००९मध्येच नाणेनिधीकडून २०० टन घेतलं. पंचांग बघून घेतलं असेल असं वाटत नाही.