जिवाणूकडूनच जिवाणूनाशक बनवून घेताना

एलएल-३७ हे आपल्याच शरीरातले जिवाणू मारणारे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी ते एका मोठ्या प्रथिनाच्या रूपात साठवतात आणि बाहेर सोडताना कापून मोकळे करतात. यात ३७ अमिनो आम्ले असून एकूण भार +६ आहे, त्यामुळे ते जिवाणूच्या ऋणभारित पटलाला चिकटून ते फोडते. प्रयोगशाळेत ई. कोलाय या जिवाणूकडून तेच बनवून घ्यायचे, तर बनवणारा जिवाणूच मरू शकतो. शिवाय एवढी आखूड साखळी पेशीतली प्रोटिएज, म्हणजे प्रथिने कापणारी विकरे लगेच तोडतात.

दोन्हींवर एकच उपाय आहे. आधी सहा हिस्टिडीन (ही अमिनो आम्ले पुढे निकेल कॉलमला चिकटतात), मग सुमारे १०० अमिनो आम्लांचे सुमो हे प्रथिन आणि त्याला लागून एलएल-३७, अशी सलग साखळी बनवायची. सुमो जोडलेले असेपर्यंत पेप्टाइडचा मारा बहुतांशी थोपवला जातो.

बीएल२१ डीई३ या ई. कोलायच्या स्ट्रेनच्या रात्रभराच्या कल्चरमध्ये १ टक्का ग्लुकोज ठेवावे. नाहीतर प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा भाग, वेळेआधीच थोडा थोडा चालू राहतो आणि प्लाझ्मिड (हे जनुक वाहणारे डीएनएचे कडे) टाकून दिलेल्या पेशी कल्चर व्यापतात. ताज्या माध्यमात गढूळपणा ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशाला ०.६ झाला की जनुक चालू करणारे आयपीटीजी हे रसायन ०.२ ते ०.५ मिलिमोलर घालून १८ अंश सेल्सियसला रात्रभर वाढवावे. ३७ अंशांना प्रथिनाच्या अविद्राव्य गुठळ्या होण्याचा धोका जास्त.

पेशी फोडताना ५०० मिलिमोलर मीठ आणि न्यूक्लिएज (डीएनए तोडणारे विकर) हवेच. धनभारित पेप्टाइडला डीएनए चिकटतो आणि तो पुढे कॉलममध्येही सोबत येतो. निकेल कॉलम २० मिलिमोलर इमिडाझोलने (हिस्टिडीनची पकड सोडवणारे रसायन) धुवावा, २५० ने प्रथिन उतरवावे आणि डायलिसिसने इमिडाझोल काढावे. मग हिस्टिडीन जोडलेले यूएलपी१ हे कापणारे विकर घालून ४ अंशांना रात्रभर ठेवावे. ते सुमोची घडी ओळखून नेमके त्याच्या शेवटी कापते, म्हणून पेप्टाइडला एकही जादा अमिनो आम्ल राहत नाही. थ्रॉम्बिन हे दुसरे कापणारे विकर इथे टाळावे. त्याला आवडणारा ल्युसीन-व्हॅलीन-प्रोलीन-अर्जिनीन हा क्रम एलएल-३७ च्या शेपटातच आहे!

पुन्हा निकेल कॉलममधून सोडले की सुमो आणि यूएलपी१ अडकतात, पेप्टाइड वाहून येते. इथे हमखास घोटाळा होतो. एलएल-३७ मध्ये ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसीनही नाही, त्यामुळे प्रथिने पाहण्याच्या नेहमीच्या २८० नॅनोमीटरला ते जवळजवळ दिसतच नाही आणि चांगला अंश फेकला जातो. २१४ नॅनोमीटरला पाहावे. पण तिथे उरलेले इमिडाझोलही दिसते, म्हणून शेवटी रिव्हर्स-फेज एचपीएलसी (घटक वेगळे करण्याची पद्धत) करून वस्तुमान तपासावे. ते सुमारे ४,४९३ डाल्टन यायला हवे.

हिशेबही आधीच मांडावा. जोडप्रथिन १६-१७ किलोडाल्टनचे, म्हणजे त्याच्या २० मिलिग्रॅममधून पेप्टाइड फार तर सुमारे साडेपाच मिलिग्रॅम, आणि प्रत्येक पायरीवर घट वेगळी. काच आणि पॉलिस्टायरीनला पेप्टाइड चिकटते, म्हणून पॉलिप्रोपिलीनच्या नळ्याच वापराव्यात.

सगळ्यात दगा देते ते एंडोटॉक्सिन, म्हणजे ई. कोलायच्या पटलातले दाह घडवणारे लिपोपॉलिसॅकराइड. एलएल-३७ ते घट्ट धरते. मानवी पेशींवर प्रयोग करायचा असेल तर एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी आधी करावी. नाहीतर दिसलेला दाह पेप्टाइडचा की अशुद्धीचा, हे सांगता येणार नाही.

डिफेन्सिन या आपल्या शरीरातल्या दुसऱ्या जिवाणूनाशक पेप्टाइडांना हीच कृती जशीच्या तशी चालत नाही. त्यांना तीन डायसल्फाइड बंध (गंधकाचे जोड) लागतात, आणि ई. कोलायच्या पेशीद्रवात ते सहसा जुळत नाहीत. तिथे शफलसारखा, पेशीद्रवातही हे बंध जुळवू शकणारा स्ट्रेन घ्यावा लागतो.