क्लोआझोने फुलदाणी, फ्रेंच

तांब्याच्या किंवा ब्राँझच्या भांड्यावर धातूच्या बारीक कडांनी घरे पाडून, त्यांत रंगीत मीना भरून भाजलेली शोभेची फुलदाणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये या प्रकाराला बहर आला. नाव फुलदाणी असले तरी तिच्यात फुले क्वचितच ठेवत. बहुधा जोडीने घेऊन ती शेकोटीच्या कट्ट्यावर घड्याळाच्या दोन्ही बाजूंना मांडत.

१८६० मध्ये ब्रिटिश व फ्रेंच फौजांनी पीकिंगजवळचा (आजचे बीजिंग) उन्हाळी राजवाडा लुटला आणि चिनी मीनाकामाचे उत्तम नमुने फ्रान्समध्ये पोचले. त्यांतले बरेच फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिने १८६३ मध्ये फाँतेनब्लोच्या राजवाड्यातील चिनी दालनात मांडले. फेर्दिनां बार्बेदिएन (१८१०–९२) यांच्या ब्राँझच्या कारखान्याने तर १८६२ च्या लंडन प्रदर्शनातच मीनाकाम आणले होते. तिथले मुख्य आराखडाकार कोंस्तां सेव्हॅं. चांदीच्या व मुलाम्याच्या वस्तू करणाऱ्या क्रिस्तोफ्ल कारखान्यात एमिल रेबेर यांनी चिनी-जपानी घाट हाताळले.

अस्सल क्लोआझोनेत चपटी तार उभी धरून नक्षीप्रमाणे वाकवतात आणि तांब्यावर डिंकाने चिकटवून डाखाने किंवा मीन्याच्या पहिल्या भाजणीत पक्की करतात. बार्बेदिएनच्या अनेक फुलदाण्यांत मात्र तार नाहीच. नक्षीच्या कडा भांड्यासह ब्राँझमध्ये ओतलेल्या असतात. तंत्राने हे शांपलव्हे, म्हणजे जयपुरी मीन्यासारखे खोलगट घरातले काम, तरी विक्रेते त्यालाही सर्रास क्लोआझोने म्हणतात. ओळखायचे तर भिंगातून कड पाहावी. तारेची जाडी सर्वत्र सारखी असते आणि टोके जिथे भिडतात तिथे सांधा दिसतो. ओतीव कड कुठे जाड, कुठे बारीक होत शेजारच्या धातूत मिसळून जाते. ओतीव भांडे हाताला चांगलेच जड लागते.

मीना म्हणजे कमी तापमानाला वितळणारी काच. निळ्यासाठी कोबाल्ट, फिरोजी-हिरव्यासाठी तांबे, गुलाबीसाठी सोने. अपारदर्शक करायला कथिलाचे ऑक्साइड. काच पाण्यात खलून, वरचे गढूळ पाणी वारंवार ओतून टाकतात. ते राहिले तर रंग मळकट येतो. ओली पूड घरांत दाबून भरतात, पूर्ण वाळवतात आणि साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला भाजतात. ओल राहिली तर वाफेने पूड उडते. वितळताना कणांमधली हवा निघून मीना खाली बसतो, म्हणून भरणे व भाजणे तीन-चार वेळा तरी करावे लागते. मग दगडाने घासून मीना कडांच्या पातळीवर आणतात आणि शेवटी उघड्या धातूला विजेने सोन्याचा मुलामा देतात. विजेच्या मुलाम्याचे पेटंटहक्क क्रिस्तोफ्लकडे १८४२ पासून होते.

धातू आणि काच सारख्या प्रमाणात आकुंचन पावत नाहीत; बहुतेक तडे त्यातूनच जातात. म्हणून पातळ तांब्याच्या भांड्याला आतूनही मीना देतात आणि मोठी मोकळी जागा ठेवत नाहीत. चिनी कामात पार्श्वभूमीभर दिसणाऱ्या वेलबुट्टीला हेही एक कारण आहे. जस्त जास्त असलेल्या पितळेवर मीना नीट धरत नाही, बुडबुडे येतात. घासल्यावर ते फुटून पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात, आणि जुन्या तुकड्यांत त्यांतच काळा मळ साठतो.

गळा, पोट, पाया असे सुटे भाग बहुधा आतून जाणाऱ्या आट्याच्या दांडीवर बसवून तळाशी नटाने आवळलेले असतात. भाग हलतो म्हणून नट जोराने पिळला की कडेचा मीना उडालाच समजा. तळाला नंतर पाडलेले भोक दिसले तर फुलदाणीचा कधीतरी दिवा केलेला असावा.

स्वच्छतेला मऊ कोरडा ब्रश पुरे. चिंच, लिंबू किंवा भांडी उजळायची पावडर मुलामा खाते आणि मीन्याची चकाकी घालवते. उडालेला मीना पुन्हा भाजून भरता येत नाही, कारण त्या आचेने शेजारचा शाबूत मीना तडकतो. खड्डे रंगीत रेझिनने भरतात. असे ठिगळ अतिनील दिव्याखाली सहसा वेगळे चमकते आणि बोटाला मीन्याइतके गार लागत नाही.