ओपन इंटरेस्टच्या आकड्यात मंदीवाले शोधू नका

सोलापुरातल्या ट्रेडिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून हे वाक्य येतंच: ‘ओआय (ओपन इंटरेस्ट) वाढलाय, म्हणजे तुफान शॉर्ट बसलेत, आता स्क्वीझ येणार.’ खाली अंगठ्यांची रांग. (स्क्वीझ म्हणजे शॉर्टवाल्यांना घाईने परत खरेदी करावी लागून भाव भडकणं.) अरे बाबांनो, तो आकडा शॉर्टचा, म्हणजे भाव पडेल म्हणून आधीच विकून बसलेल्यांचा, नाहीच!

ओपन इंटरेस्ट तुम्हाला पाठ आहे. फ्युचर्स-ऑप्शन्समधले, म्हणजे पुढच्या तारखेच्या करारांतले, अजून न मिटलेले सौदे; एनएसई रोज संध्याकाळी फुकट देते. शॉर्ट इंटरेस्ट म्हणजे उसने घेऊन विकलेले, पण अजून परत न केलेले शेअर्स.

आता घोळ कुठे होतो ते बघा. फ्युचर्सच्या प्रत्येक सौद्याला एक घेणारा लागतो आणि एक विकणारा. ओआय 10,000 लॉट (ठरलेल्या संख्येचे गठ्ठे) असेल तर लाँग, म्हणजे घेणारे, 10,000 आणि शॉर्टही 10,000. तो 15,000 झाला की दोन्हीकडे पाच-पाच हजार वाढले. मंदीवाल्यांचं पारडं जड झालं, हे त्या आकड्यातून निघूच शकत नाही. शॉर्ट इंटरेस्ट ही मात्र एकाच बाजूची, देणेकऱ्यांची मोजणी. नव्या पेठेतल्या दुकानदाराने शेजाऱ्याकडून शंभर चादरी उसन्या आणून विकल्या, तर त्या कधीतरी बाजारातून घेऊन परत कराव्याच लागणार; भाव चढला की धावपळ त्याची. स्क्वीझ होतो तो या धावपळीतून. जानेवारी 2021मध्ये अमेरिकेत गेमस्टॉप या व्हिडिओ गेम विकणाऱ्या कंपनीचे शॉर्ट्स फ्लोटच्या, म्हणजे बाजारात फिरणाऱ्या शेअर्सच्या, 100 टक्क्यांच्याही वर गेले होते. उसना शेअर विकला की नवा मालक तोच पुन्हा उसना देऊ शकतो, म्हणून असं होतं.

आपल्याकडे फ्युचर्स विकणारा मंदीवाला असतोच असंही नाही. आर्बिट्राज फंड शेअर रोखीत घेतात, त्याचंच फ्युचर विकतात आणि मधला फरक खिशात टाकतात. भाव दुप्पट झाला तरी त्यांना पळायचं कारण नाही, शेअर हातात आहे. म्हणून ‘भाव खाली, ओआय वर’ दिसलं की ‘शॉर्ट बिल्ड-अप’ असं लाल अक्षरात छापणारी ॲप्स माझ्या डोक्यात जातात. तो अंदाज आहे, मोजणी नाही. एफआयआय (परदेशी संस्था), प्रो (स्वतःच्या खात्यावर सौदे करणारे ब्रोकर), क्लायंट (बाकीचे ग्राहक) यांचे लाँग-शॉर्ट वेगळे दाखवणारी एनएसईची यादी त्याहून बरी, पण ती एकेका शेअरची नसते.

आणि आपल्या गावचे बालाजी अमाइन्स किंवा प्रिसिजन कॅमशाफ्ट्स? ते एफ अँड ओमध्येच (फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये) नाहीत. त्यांचा ओआय विचारू नका.

मग खरा आकडा कुठे मिळतो? भारतात फार काही हाती लागत नाही. किरकोळ गुंतवणूकदार रोखीत शॉर्ट मारतो तो दिवसापुरता. पुढे न्यायचं तर एसएलबीतून, म्हणजे शेअर उसने देण्या-घेण्याच्या बाजारातून, शेअर उसना घ्यावा लागतो, आणि तिथली उलाढाल फ्युचर्सपुढे चिमूटभर. सेबीच्या जानेवारी 2024च्या चौकटीनुसार ब्रोकरने शेअरनिहाय शॉर्टचा तपशील दुसऱ्या दिवशी बाजार उघडण्याआधी एक्स्चेंजला द्यायचा आणि एक्स्चेंजने तो एकत्र करून आठवड्याला जाहीर करायचा.

अमेरिकन शेअर्स घेत असाल तर फिनराचा (तिथल्या ब्रोकरांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा) शॉर्ट इंटरेस्टचा आकडा महिन्यातून दोनदा येतो, तोही आठवडाभराहून शिळा. त्याला रोजच्या सरासरी उलाढालीने भागा, म्हणजे कव्हर करायला (विकलेले शेअर परत विकत घ्यायला) किती दिवस लागतील ते कळेल. फिनराचाच रोजचा ‘शॉर्ट व्हॉल्यूम’ मात्र त्यात मिसळू नका. त्यात मार्केट मेकरची (सतत खरेदी-विक्रीचे भाव देणाऱ्या दलालाची) क्षणात घेऊन मिटवलेली विक्रीही असते, म्हणून तो एकूण उलाढालीच्या निम्म्यावर गेला तरी त्यात दचकण्यासारखं काही नाही.