मॉरिशसची १९७२ची शिरगणती अजून का चालते?

मॉरिशसमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली की मतमोजणीनंतरच्या काही जागा आजही १९७२च्या शिरगणतीवरून ठरतात. तेव्हा देशात बावन्न टक्के हिंदू, सतरा टक्क्यांच्या आसपास मुस्लिम, तीन टक्के चिनी वंशाचे आणि एकोणतीस टक्के ‘जनरल पॉप्युलेशन’ असे मोजले गेले होते. ‘तुमचा समाज कोणता’ हा प्रश्न पुढे १९८२मध्ये काढून टाकला, त्यामुळे त्यानंतरचा आकडाच नाही.

बेट कुठे आहे, डोडोचे काय झाले आणि ऊस कोणी लावला हे वाचकांना ठाऊक असते, म्हणून ते इथे सांगत नाही. गोंधळ ‘जनरल पॉप्युलेशन’ या शब्दात आहे. घटनेच्या पहिल्या परिशिष्टात हिंदू, मुस्लिम आणि चिनी मॉरिशियन असे तीन समाज नोंदले आहेत. ज्याच्या ‘जीवनपद्धतीवरून’ तो या तिघांपैकी कशातच बसत नाही, तो जनरल पॉप्युलेशन, आणि हाच चौथा समाज. म्हणजे व्याख्या ‘हे नव्हे, तेही नव्हे’ अशीच.

त्यात कोण कोण येते? साखर कारखान्यांच्या जमिनी पिढ्यानपिढ्या राखून असलेली फ्रेंच वंशाची गोरी घराणी येतात. त्याच जमिनींवर ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणले, ते क्रिओलही येतात. मिश्र वंशाचा शहरी मध्यमवर्गही त्यातच. देशातला सर्वांत श्रीमंत गट आणि सर्वांत गरिबांपैकी एक गट कागदावर एकाच रकान्यात.

हा रकाना स्वतंत्र मॉरिशसने शोधलेला नाही. गुलामी १८३५मध्ये कायद्याने संपली, पण सुटलेल्यांना आणखी काही वर्षे ‘शिकाऊ’ म्हणून जुन्याच मालकांकडे राबावे लागले. १८४६च्या गणनेत ब्रिटिशांनी भारतीय, माजी शिकाऊ आणि जनरल पॉप्युलेशन असे तीन भाग केले. नंतर ‘माजी शिकाऊ’ हा भाग मिटवून तिसऱ्यात मिसळला. कालच्या गुलामाचे वेगळे नाव गेले, हे एका अर्थाने बरेच. पण त्याबरोबर त्याची वेगळी गणतीही गेली. क्रिओल किती, त्यांच्यातले शिकलेले किती, जमीनवाले किती, हे सरकारी आकड्यांवरून नीट सांगता येत नाही, याचे मूळ इथे आहे.

आता जागांचा हिशेब. वीस मतदारसंघांतून प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्ज बेटावरून दोन असे ६२ सदस्य थेट निवडून येतात. त्यांच्यावर जास्तीत जास्त आठ ‘बेस्ट लूझर’, म्हणजे हरलेल्यांतले सर्वांत चांगली मते घेतलेले. कोणत्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने सर्वांत कमी जागा मिळाल्या ते १९७२च्या आकड्यांवरून काढायचे आणि त्या समाजाच्या पराभूत उमेदवाराला आत घ्यायचे. पहिल्या चार जागा देताना पक्ष पाहत नाहीत, पुढच्या चार देताना पक्षांचे प्रमाण बिघडू नये याची काळजी घेतात.

ही रचना भीतीतून आली. ऑगस्ट १९६७च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवाद्यांना सुमारे ५५ टक्के मते पडली, विरोधात सुमारे ४४ टक्के. हिंदू बहुमताखाली आपले काय होणार, ही धास्ती क्रिओल, मुस्लिम आणि चिनी वस्त्यांत खरी होती. स्वातंत्र्याच्या दोनच महिने आधी, जानेवारी १९६८मध्ये, राजधानी पोर्ट लुईमध्ये दंगली झाल्या, त्याही क्रिओल आणि मुस्लिम यांच्यात. लंडनहून आलेल्या आयोगाने आधी वेगळीच पद्धत सुचवली होती. तिच्यावर ओरड झाली आणि तडजोडीत ही पद्धत ठरली. तेव्हा ती शहाणपणाची होती, असे मला वाटते. १९८२मध्ये एका आघाडीने मुख्य बेटावरच्या ६०पैकी ६० जागा जिंकल्या, तेव्हा हरलेल्या जुन्या पक्षांना संसदेत पाय ठेवता आला तो याच दाराने.

पण या दाराची किंमत उमेदवार मोजतो. अर्जावर समाज लिहिला नाही तर अर्ज बाद. २०१२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकारविषयक समितीने, जुन्या आकड्यांवर विसंबून ही सक्ती करणे अन्यायाचे आहे, असे मत दिले. २०१४च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली. २०१९मध्ये रकाना रिकामा ठेवणाऱ्यांचे अर्ज पुन्हा फेटाळले गेले. कायमचा बदल करायला तीन-चतुर्थांश बहुमत लागते आणि २०१८च्या अखेरीस आणलेले विधेयक तिथेच अडकले.

आपल्या वाचकांसाठी एक पोटगोंधळ. कोकणातून मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्यांचे वंशज तिथे आजही स्वतःला मराठी म्हणवतात. लोकसंख्येत त्यांचा वाटा दोनेक टक्के. घरात बहुतेक जण क्रिओल भाषा बोलतात, पण गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. शिरगणतीत ‘मराठी’ हे नाव धर्माच्या प्रश्नाच्या उत्तरांत येते, हिंदूपेक्षा वेगळे. तमिळ आणि तेलुगू यांचेही तसेच. घटनेपुढे मात्र हे सगळे हिंदू. म्हणजे एकच माणूस शिरगणतीला मराठी आणि निवडणूक अर्जावर हिंदू.

अर्थकारण मात्र धावले. १९६१मध्ये एका ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने (पुढे त्यांना नोबेलही मिळाले) या बेटाचे भवितव्य फार काळे रंगवले होते. १९७०मध्ये निर्यातीसाठीच्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा झाला, १९७५पासून युरोपने साखरेला चढा भाव बांधून दिला आणि साखरेतला पैसा कापडगिरण्यांत व हॉटेलांत उतरला. भारताशी झालेल्या करविषयक करारामुळे आपल्याकडच्या परकीय गुंतवणुकीत हे चिमुकले बेट वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर दिसायचे. २०१६मध्ये तो करार बदलला. या भरभराटीत क्रिओल वस्त्या मागे राहिल्या. १९९३मध्ये एका कॅथलिक धर्मगुरूने या खदखदीला ‘क्रिओल अस्वस्थता’ असे नाव दिले. १९९९मध्ये एका लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि ती रस्त्यावर आली.

त्यात चागोसवासीयांची भर. १९६५मध्ये ब्रिटनने चागोस हा द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडून घेतला. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या अमेरिकी तळासाठी १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या माणसांना हलवले. त्यातले बरेच जण पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत आले. घटनेच्या व्याख्येने तेही जनरल पॉप्युलेशन. २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मॉरिशसच्या बाजूने सल्लागार मत दिले. मे २०२५मध्ये चागोसबाबत ब्रिटनशी करारावर सह्या झाल्या, पण त्यातही दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ब्रिटनकडेच ठेवायचे ठरले.

नोव्हेंबर २०२४मध्ये मुख्य बेटावर पुन्हा एकदा ६०पैकी ६० असा निकाल लागला. बेस्ट लूझर ठरवायला निवडणूक अधिकाऱ्यांनी पुन्हा १९७२चेच तक्ते काढले.