बॉल जागेवरच राहिला तरी स्ट्रोक झाला

आमच्याकडे नव्याने गोल्फ शिकायला येणारे पहिल्याच आठवड्यात विचारतात, सर, क्लब (म्हणजे गोल्फची काठी) फिरवला पण बॉलला लागलाच नाही, मग तो मोजायचा का? हो, मोजायचा. व्हिफ म्हणा नाहीतर एअर शॉट म्हणा, बॉल मारायचा म्हणून क्लब पुढे आणलात की तो स्ट्रोक, म्हणजे मोजायचा फटका, झाला, बॉल हलो न हलो. वेगळी पेनल्टी काही नाही, एक आकडा वाढतो एवढंच. प्रॅक्टिस स्विंग मोजत नाहीत कारण त्यात मारायचंच नसतं. आणि क्लब खाली येता येता तुमचं मन बदललं आणि बॉलच्या आधीच थांबवलात, किंवा थांबवता येईना म्हणून मुद्दाम बाजूने काढलात, तर तेही मोजायचं नाही. मारायचं होतं की नव्हतं हे तुम्हालाच ठाऊक असतं, म्हणून ते लगेच मार्करला, म्हणजे तुमचा स्कोअर लिहिणाऱ्याला, सांगून टाकायचं. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण स्ट्रोक ज्याचे कमी तो जिंकतो) हा एक स्ट्रोक गाळून स्कोअरकार्ड जमा केलंत तर थेट बाद.

आणि हे फक्त नवशिक्यांचंच होतं असं नाही हां. 1983 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत, इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेल कोर्सवर, तिसऱ्या राउंडला 14व्या होलवर हेल आयर्विन या अमेरिकन गोल्फरचा बॉल खड्ड्यापासून दोन-तीन इंचांवर होता, तो बॅकहँडने सहज ढकलायला गेला आणि पटर (बॉल खड्ड्यात ढकलायचा क्लब) बॉलला लागलाच नाही. तो स्ट्रोक मोजला गेला आणि शेवटी टॉम वॉटसन त्याच्यापेक्षा फक्त एका स्ट्रोकने पुढे राहून जिंकला.

आता फटका का हुकतो ते बघू. सगळे सांगतात मान वर केलीस म्हणून, पण आमच्या मते मान नंतर येते, आधी कंबर सरळ होते. बॉल असतो जेमतेम 43 मिलिमीटरचा, म्हणजे जमिनीवरच्या बॉलसाठी वाकून उभे राहिलात आणि मारताना चार-पाच सेंटिमीटर वर उठलात की क्लब अख्ख्या बॉलवरून जातो. दुसरं म्हणजे जोर. लांब मारायचं मनात आलं की ग्रिप आवळली जाते, कोपरं वाकतात, हात आखडतात, आणि क्लब तेवढाच वर राहतो.

यावर आम्ही आधी बॉल काढूनच घेतो. टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) जवळजवळ पूर्ण जमिनीत खोचा, अर्धाच स्विंग करा आणि दर वेळी तिथलं गवत खरडल्याचा आवाज आला पाहिजे, सलग दहा वेळा आला की मगच बॉल ठेवा. बॉल ठेवल्यावर आवाज बंद झाला तर समजा की बॉल बघून अंग ताठ झालं, परत बॉल काढा, कंटाळा करू नका.

टीवरच हुकलात आणि बॉल टीइंग एरियातच (होलचा पहिला फटका मारायच्या जागेतच) आहे, तर 2019 च्या नियमांपासून तो उचलून परत लावता येतो, टीची उंची बदला, जागा बदला, पेनल्टी नाही, पण पुढचा फटका दुसरा धरायचा. प्रॅक्टिस स्विंगमध्ये चुकून बॉल उडाला तर टीवर काहीच नाही, परत लावा. फेअरवेवर (टीपासून पुढच्या कापलेल्या गवतावर) मात्र एक पेनल्टी आणि बॉल होता तिथे परत ठेवायचा, ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत भागावर) पेनल्टी नाही, फक्त परत ठेवायचा.