कॅश टेबलवरचा कॉल आणि टुर्नामेंटच्या पहिल्या तासातला कॉल

पोकर खेळताना तुमच्या हातात राणीची जोडी आहे. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच दोघांना घालावी लागणारी रक्कम) ५०-१००, प्रत्येकासमोर १०,००० चिप्स. तुम्ही बोली ३०० पर्यंत वाढवता, म्हणजे रेझ करता, बाकीचे पत्ते टाकतात आणि एक जण सगळ्या चिप्स पुढे ढकलतो, म्हणजे ऑल-इन करतो. कॉल (तेवढ्याच चिप्स घालायच्या) की फोल्ड (पत्ते टाकायचे)? पत्ते तेच, माणूस तोच, चिप्सचा आकडाही तोच, म्हणून कॅश गेम आणि टुर्नामेंट दोन्हीकडे एकच हिशोब लावणारे पुष्कळ आहेत. त्याच्या उलट, टुर्नामेंट म्हटलं की हिशोबच गुंडाळून ‘सुरुवातीला फक्त टिकून राहायचं’ असं घोकणारेही तितकेच. मला दोन्ही पटत नाही. फरक आहे, पण तो मोजता येतो, आणि मोजल्यावर वाटतो त्यापेक्षा लहान निघतो.

आधी कॅश. गोव्याच्या कॅसिनोत चिप म्हणजे पैसाच. काउंटरवर दिली की तेवढी रक्कम हातात. त्यामुळे हिशोब सरळ आहे. तुम्हाला आणखी ९,७०० घालायचे आहेत. कॉल केल्यावर पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, होतो २०,१५०, दोन्ही ब्लाइंड धरून. ९,७०० भागिले २०,१५० म्हणजे ४८ टक्के. शंभरातून ४८ पेक्षा जास्त वेळा जिंकणार असाल तर कॉल फायद्याचा, मग तो अर्ध्या टक्क्याने का असेना. हरलात तर खिशातून पुन्हा चिप्स घेऊन पुढचा हात खेळता येतो.

आता राणीची जोडी किती वेळा जिंकते? हे समोरचा कशावर ऑल-इन करतो त्यावर ठरतं, आणि खरी मेहनत इथेच आहे. एक्क्याची जोडी ६ प्रकारे बनते, राजाची ६ प्रकारे, एक्का-राजा मात्र १६ प्रकारे. दोन्ही मोठ्या जोड्यांपुढे राणी जेमतेम १८-१९ टक्के जिंकते, एक्का-राजापुढे साधारण ५६ टक्के. समोरचा एवढ्याच तीन हातांवर १०० ब्लाइंड (मोठा ब्लाइंड १०० चा, म्हणजे सगळे १०,०००) पणाला लावणारा असेल, तर तुमची सरासरी ४० टक्के. कॅशमध्येसुद्धा फोल्ड! त्याच्या यादीत गुलामाची जोडी आली की सरासरी ४७ वर जाते, दहाची जोडीही आली की ५२ वर. म्हणजे त्या माणसाला दहाची जोडी टाकवते की नाही, एवढ्या एका गोष्टीवर तुमचा निर्णय फिरतो. ‘राणी आहे, सोडायची कशी?’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे.

टुर्नामेंटमध्ये चिप काउंटरवर चालत नाही. तिची किंमत ठरते ती तुम्ही शेवटी कितव्या नंबरवर याल त्यावरून. दहा जणांचा खेळ घ्या, पहिल्या तिघांना ५०, ३० आणि २० गुण. सुरुवातीला सगळे सारखे, म्हणजे प्रत्येकाची जागा सरासरी १० गुणांची. पहिल्याच हाताला कोणी तुमच्याकडून बाद झालं आणि तुमच्या चिप्स दुप्पट झाल्या. गुणही दुप्पट, म्हणजे २० झाले का? नाही. पहिला येण्याची शक्यता २० टक्के झाली, दुसरा येण्याची सुमारे १८, तिसरा येण्याची सुमारे साडेपंधरा. गुणांनी गुणून बेरीज केली की उत्तर येतं १८.४४. उरलेला दीड गुण बाकीच्या आठ जणांत वाटला गेला, ज्यांनी त्या हातात काहीच केलं नाही. मला या खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते: दोघं भिडतात आणि फायदा गप्प बसलेल्यांचा होतो.

हे गणित पोकरमध्ये आणलं मेसन माल्मथ यांनी, १९८७ मध्ये. त्यामागचं सूत्र त्याहून जुनं, डेव्हिड हारविल यांचं १९७३ चं, आणि ते घोड्यांच्या शर्यतीसाठी होतं: प्रत्येक घोड्याची पहिला येण्याची शक्यता माहीत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या नंबराची कशी काढायची. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ज्यांनी ‘प्लेस’ लावलंय त्यांना प्रश्न लगेच कळेल.

मग १० भागिले १८.४४, म्हणजे ५४ टक्के. कॅशमध्ये बरोबरीच्या पैजेला ५० पुरतात, इथे ५४ लागतात. आपल्या राणीच्या हातात ३०० आधीच गेलेत आणि ब्लाइंडही पॉटमध्ये आहेत, त्यामुळे कॅशची रेघ ४८ वर होती, इथे ती ५२ च्या थोडी वर येते. चार टक्क्यांचा फरक. पण बघा काय होतं: समोरच्याच्या यादीत दहापर्यंतच्या जोड्या असतील तर तुमच्याकडेही ५२ च आहेत. कॅशमध्ये जो कॉल डोळे मिटून करायचा, तोच इथे बरोबर रेघेवर. टेबलवर तुमच्याहून कच्चे खेळाडू असतील तर मी इथे राणी टाकतो आणि पुढच्या हाताची वाट बघतो.

मोठ्या टुर्नामेंटमध्ये, जिथे शेकडो जण असतात आणि बक्षिसं फार लांब असतात, सुरुवातीचा हा फरक आणखी आक्रसतो. सगळं बक्षीस एकट्या पहिल्याला असेल तर तो शून्य होतो. री-एन्ट्रीची मुभा असेल आणि पुन्हा बसायची तयारी असेल, तर बाद होण्याची भीती जवळजवळ कॅशइतकीच. टिकून राहण्याची खरी किंमत वाढते ती नंतर, बक्षिसाची पायरी एका माणसावर आलेली असते तेव्हा. तिथला सल्ला उचलून पहिल्या तासाला चिकटवतात, त्यातूनच हा सगळा गोंधळ होतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राचा बंदीचा कायदा आला. त्यानंतर आमचं पोकर मुलुंडच्या एका हॉलमध्ये शनिवारी रात्री, गुणांवर आणि वडापाववर चालतं, पैसे न लावता. तिथे यादी वाचायला पत्त्यांपेक्षा माणूस जास्त उपयोगी पडतो. बदलापूरला जाणारा एक जण सॅक मांडीवरच ठेवून बसतो, मोबाइलवर एम-इंडिकेटर उघडं. त्याला शेवटची लोकल गाठायची आहे. पहिल्या तासात ‘डबल, नाहीतर घरी’ असा त्याचा हिशोब. तो कुठल्याही एक्क्यावर, कुठल्याही जोडीवर ऑल-इन करतो. त्याच्यापुढे राणी ७० टक्क्यांच्या आसपास जिंकते, तेव्हा ४८ काय आणि ५२ काय, कॉलच. शेजारचे काका मात्र तासभर चहाच पीत असतात. त्यांनी १०० ब्लाइंड पुढे सरकवले, तर राणी मुकाट्याने खाली.

एक्क्याच्या जोडीबद्दलही लोक विचारतात: पहिल्याच हाताला आली आणि समोरून ऑल-इन आलं, तर ‘इतक्या लवकर बाहेर जायची जोखीम’ घ्यावी का? एकाच माणसाविरुद्ध ती पाचातून साधारण चार वेळा जिंकते. वरच्याच दहा जणांच्या खेळात, तुम्ही अजून काहीच घातलेलं नसेल, तर फोल्ड केल्यावर तुमचे साधारण १० गुण कायम राहतात. कॉल केला तर १८.४४ चे ८० टक्के, म्हणजे सरासरी पावणेपंधरा.